ढोल जुलैमध्ये, खुरपं कधी? आपल्या मराठी मंडळाला खुलं पत्र

मंडळाचे अध्यक्ष, कमिटी आणि ग्रुपवरचे सगळे काका-काकू, दादा-वहिनी, नमस्कार.

गणपती छान झाले, महाप्रसादाचा मसालेभात तर फारच, करणाऱ्यांना निरोप द्या. आता मुद्द्यावर येते. मागच्या आठवड्यात आपल्या इथल्या, इंग्लंडमधल्या टाउनच्या इन ब्लूम ग्रुपचा, म्हणजे गाव फुलांनी सजवून 'ब्रिटन इन ब्लूम' स्पर्धेत उतरवणाऱ्या व्हॉलंटिअर्सचा, ईमेल आला, की पुढच्या जुलैमध्ये जजेस येतील तेव्हा यंदासारखंच मराठी मंडळ ढोल-लेझीम करेल का. कमिटीने तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच अंगठ्यांची रांग लागली, नऊवारीचा रंग काय ठेवायचा इथपर्यंत चर्चा गेली. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण ग्रुपवर काहीही लिहिलं की अर्ध्या तासात ते गुड मॉर्निंगच्या खाली गाडलं जातं, म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच की या वेळी नुसतं हो म्हणू नका. ढोल वाजवायचा तर जरूर वाजवू, पण आधी ऑक्टोबरमध्ये मातीत हात घालू, आणि ते जमणार नसेल तर ढोलालाही नम्रपणे नाही कळवा.

काहींना वाटेल हिला काय झालं, एवढा मान मिळतोय इंग्रज लोकांकडून. तर ऐका.

बऱ्याच जणांना अजून वाटतं की हाय स्ट्रीटवरची फुलं काउन्सिल लावतं. काउन्सिल थोडंफार लावतं, पण पैसे कमी झाल्यापासून त्यांचा हात आखडलाय. लायब्ररीसमोरचे वाफे, स्टेशनवरचे लाकडी टब, वॉर मेमोरियलच्या भोवतीचं, कार पार्कच्या कडेची ती लांबट पट्टी, हे सगळं शनिवारी सकाळी हाय-विज जॅकेट घालून वाकलेले लोक करतात, ज्यांना आपण कम्युनिटी सर्व्हिसची शिक्षा झालेले समजून बाजूने जातो. (हे मला आपल्यातल्याच एकाने सिरियसली विचारलं होतं, नाव सांगत नाही.)

आणि ही स्पर्धा काही आजकालची नाही. फ्रान्समध्ये १९५९ पासून गावं फुलांनी सजवायची स्पर्धा सुरू झाली होती, ती रॉय हे (Roy Hay) नावाच्या बागकामावर लिहिणाऱ्या गृहस्थांनी बघितली आणि इथे येऊन पर्यटनवाल्यांच्या गळी उतरवली, त्यातून १९६४ ला ब्रिटन इन ब्लूम सुरू झालं. म्हणजे मूळ हेतू सरळसरळ टूरिस्ट यावेत हा, त्यात काही उदात्त वगैरे नव्हतं. २००२ पासून ती रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी चालवते, चेल्सी फ्लॉवर शोवाले तेच. आधी आपल्या विभागाची फेरी असते आणि त्यातनं निवडलेली गावं देशपातळीवर जातात. पदक दुसऱ्याला हरवून मिळत नाही, ठरलेल्या दर्जाला पोचलात तर मिळतं, त्यामुळे एकाच वर्षी बऱ्याच गावांना गोल्ड मिळू शकतं. आपल्याला यंदा विभागात सिल्व्हर गिल्ट मिळालं, म्हणजे गोल्डच्या एक पायरी खाली, बातमी ग्रुपवर आली होती आणि तिच्याखाली सगळ्यांनी 'अभिनंदन टीम मराठी' लिहिलं होतं, ते वाचून मला हसावं की रडावं कळेना.

कारण मार्क नुसत्या फुलांना नसतात. बागकाम हा एक भाग, पर्यावरणाची काळजी हा दुसरा, आणि तिसरा लोकांचा सहभाग, म्हणजे गावातली कोणकोण माणसं यात आहेत, शाळा आहेत का, वेगवेगळे समाज आहेत का. आता कळलं ना ढोलाचं आमंत्रण कुठून आलं? मी त्या इन ब्लूम ग्रुपमध्ये आहे म्हणून सांगते, यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. जजेसना दाखवायचा पोर्टफोलिओ भरायचा होता, सहभागाच्या पानावर सगळे फोटो एकाच वयाच्या एकाच रंगाच्या लोकांचे होते, कोणीतरी म्हणालं मराठी लोकांचा तो ड्रमवाला डान्स ग्रुप आहे ना, झालं.

यंदा जजेस आले त्या दिवशी तुम्ही सगळे होतात पण नाचत होतात, म्हणून एक गोष्ट बहुतेकांनी पाहिली नसेल. दोन जजेस, क्लिपबोर्ड, उन्हाच्या टोप्या, बरोबर आमच्या ग्रुपच्या चेअर बाई घड्याळ बघत, कारण सगळा रूट दोन-तीन तासांत बसवायचा असतो. लायब्ररीपाशी लेझीम संपलं, टाळ्या झाल्या, जजेस खरंच खूष होते, आणि त्यातल्या एक बाई आपल्या एका ताईंजवळ आल्या आणि अगदी साधेपणाने विचारलं, यातला तुमचा वाफा कुठला? ताई गोंधळल्या, मागे वळून पाहिलं, मग हसून म्हणाल्या, नो नो, वी ओन्ली डान्स. जजबाई पण हसल्या, काहीतरी लिहिलं आणि पुढे गेल्या. ताईंची काहीच चूक नाही, त्यांना जे सांगितलं होतं ते त्यांनी उत्तम केलं. पण मी बाजूला झारी घेऊन उभी होते आणि मला कानकोंडं झालं. परवा जजेसची फीडबॅक शीट आली त्यात सहभागाखाली हेच सौम्य शब्दांत आहे, की सगळ्या समाजांना वर्षभराच्या कामात घ्या. ते वाचून इन ब्लूम ग्रुपने काय केलं तर आपल्याला परत ढोलासाठी ईमेल केला, त्यांचंही जरा चुकतंच. तेही मी मीटिंगमध्ये बोलले, तर उत्तर मिळालं की आम्ही बोलावतो पण शनिवारी कोणी येत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का?

आता शनिवारी असतं काय ते सांगते, म्हणजे उगाच बाऊ वाटायला नको. मे महिन्याच्या मध्यापर्यंत इथे रात्रीचं दव गोठायची भीती असते म्हणून उन्हाळी रोपं त्यानंतर लागतात. मग जून-जुलै नुसतं पाणी, तण, आणि सुकलेली फुलं खुडणं, ती खुडली नाहीत तर झाड बी धरायच्या मागे लागतं आणि फुलायचं थांबतं. गोगलगायी हा वेगळा विषय, झेंडूची कोवळी रोपं त्या एका रात्रीत भुईसपाट करतात. २०२२ च्या उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर गेला, होजपाइप बॅन आला, तेव्हा आमच्यातले सत्तरी ओलांडलेले एक रिटायर्ड पोस्टमन आजोबा पहाटे पाच वाजता पावसाच्या पिंपातनं झाऱ्या भरभरून स्टेशनचे टब जगवत होते. झारीला बंदी नसते ना. आपल्यातले कितीतरी जण साडेसहाची लंडनची ट्रेन पकडायला त्याच टबांवरून जायचे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर त्या हँगिंग बास्केट हा प्रकार मला पटत नाही. रोज पाणी मागतात, एक दिवस चुकला तर माना टाकतात, आणि डबल पेटुनियावर मधमाशी फारशी फिरकत नाही. कायम टिकणारी, कमी पाण्याची, मधमाश्यांना खायला देणारी झाडं लावा असा आता सगळीकडेच सूर आहे आणि ग्रुपमध्ये यावरून दर हिवाळ्यात वाद होतो, बास्केटवाले विरुद्ध लॅव्हेंडरवाले, आपल्या मंडळात पुरणपोळी की श्रीखंड यावरून होतो तेवढाच कडवट. म्हणजे तिथे जाऊन मान डोलवायची असं नाही, मतं मांडायला भरपूर वाव आहे आणि मतं ही आपल्याकडे कमी नाहीत.

पण खरं काम जजेसच्या दिवशी नसतं, ते आत्ता येतंय. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे कंद लावायचे दिवस. क्रोकस, डॅफोडिल, शेवटी ट्युलिप. कंदाच्या उंचीच्या दोन-तीनपट खोल खड्डा, टोक वर, माती दाबायची, आणि वर कोंबड्यांची जाळी अंथरायची नाहीतर खारी दुसऱ्या दिवशी उकरून नेतात. इथली चिकणमाती ओली झाली की बूट ओढून घेते, त्यामुळे हे पाऊस बसायच्या आत उरकावं लागतं. थंडी असते, बोटं बधिर होतात, कोणी फोटो काढत नाही. मग फेब्रुवारीत, सगळं करडं आणि उदास असताना, गवतातनं जांभळे क्रोकस वर येतात. ते बघायला मात्र सगळं गाव थांबतं, आपले लोकही, स्टेटसला फोटो असतातच.

त्या जांभळ्या क्रोकसचं एक सांगायचंय. क्लिनिकच्या कोपऱ्यावरचा पट्टा रोटरीवाल्यांनी आणि इन ब्लूमने मिळून लावलाय आणि तो जांभळाच का, तर पोलिओचा डोस दिल्यावर मुलांच्या करंगळीला जी जांभळी शाई लावतात तिच्यासाठी. रोटरी क्लब ब्रिटनभर हे क्रोकस लावतात, पोलिओ निर्मूलनाची आठवण म्हणून. आता ती करंगळी कोणाची हो? आपल्याच पोरांची, आपल्या भाच्यांची, रविवारी बूथवर रांग लावून. आपल्या मंडळातल्या दोन डॉक्टर वहिनींनी ट्रेनिंगच्या काळात असे डोस पाजलेत, खेड्यात, बस स्टँडवर. मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. आणि इथे आपल्या गावात त्यासाठी फुलं लावणाऱ्यांत एकही भारतीय नव्हता. मी पोस्टमन आजोबांना ती शाई प्रत्यक्ष कशी लावतात ते सांगितलं तर ते खुरपणी थांबवून ऐकत बसले, त्यांना ते नुसतं माहितीपत्रकावर माहीत होतं. अशा वेळी आपण लागतो तिथे, लेझीम घेऊन नाही.

आता न येण्याची कारणं. मी सगळी ऐकलीत.

वेळ नाही, पोरांचे क्लासेस. मान्य. पण तुमचा अकरावीतला मुलगा ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्डसाठी व्हॉलंटिअरिंगचे तास शोधत चॅरिटी शॉपच्या वेटिंग लिस्टवर बसलाय आणि इथे शेडमध्ये हातमोजे पडून आहेत. महिन्यातनं एक शनिवार दोन तास, कोणी हजेरी घेत नाही.

आई-बाबा आलेत, त्यांना सोडून कसं यायचं. अहो, त्यांनाच आणा! सहा महिने ते बिचारे खिडकीतनं समोरच्या घराची बिन किती वाजता उचलतात ते बघत बसतात. व्हिजिटर व्हिसावर रजिस्टर्ड चॅरिटीसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत असं काम चालतं आणि आपला इन ब्लूम ग्रुप रजिस्टर्ड आहे, तरी नियम बदलत असतात म्हणून एकदा सरकारी वेबसाइटवर बघून घ्या. मागच्या उन्हाळ्यात सांगलीकडच्या एक आजी आल्या होत्या, लेक जबरदस्तीने घेऊन आली. इकडची मंडळी गुडघ्याखाली ती फोमची गादी घेऊन, उठताना दोन हँडल धरून, हळूहळू तण काढत होती. आजींनी पदर खोचला, उकिडव्या बसल्या आणि पिशवीतनं आणलेलं स्वतःचं खुरपं काढून एका टोकापासून जे सुरू झाल्या ते बसल्या बसल्याच सरकत सगळा वाफा संपवून उठल्या. तण डाव्या हाताने मागे, माती उजव्या हाताने सारखी, आणि मधेच मला म्हणाल्या, हे रोप दाट लावलंय गं, हवा खेळायला नको का. मी भाषांतर केलं, चेअर बाईंनी खरंच दोन ओळींतलं एकेक रोप काढून दुसरीकडे लावलं. पोस्टमन आजोबांनी तसं बसायचा प्रयत्न केला आणि मागे गवतात आडवे झाले, स्वतःच एवढे हसले की बास. आजी सांगलीला परत गेल्या पण खुरपं इथे ठेवून गेल्या, ते आता शेडमध्ये सगळ्यात आधी उचललं जातं.

तिसरं कारण कोणी तोंडावर बोलत नाही पण जेवणाच्या टेबलावर बोललं जातं, की एवढं शिकून इथे येऊन माळीकाम करायचं का, तेही फुकट. हे मला जास्त लागतं. सोसायटीत माळी ठेवायचा, त्याला पगार द्यायचा, आपण कुंडीला पाणी घालायचं ते पण बाल्कनीतल्या, ही आपली सवय. बाग बघायला मात्र आपल्याला आवडतं, २६ जानेवारीच्या सुमाराला पुण्यात असलात तर एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन चुकवत नाही, तिकीट काढून, ढकलाढकली करून बघतो. इथे त्या वाफ्यात रिटायर्ड हेडमास्तर, एक नर्स, बँकेतल्या बाई आणि एक माजी नगरसेवक शेजारी शेजारी शेणखत पसरत असतात आणि कोणाची इज्जत जात नाही. ज्यांच्या आजोबांनी शेती केली त्यांना मातीची लाज का वाटावी हे मला खरंच समजत नाही. असो, हा मुद्दा वाढवला तर माझंच बीपी वाढेल.

आता दसऱ्याचं. हे खास वहिनींसाठी. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उन्हाळी वाफे उपटून पॅन्सी आणि कंद लावतात, आणि त्या उपटलेल्यांत काय असतं? झेंडू! फुलांनी भरलेला, केशरी, पिवळा, थंडीने जाणारच म्हणून कंपोस्टला टाकलेला. आणि त्याच आठवड्यात आपण इंडियन शॉपमध्ये एका माळेला जे पैसे मोजतो ते मी इथे लिहीत नाही, घरचे वाचतात. वाफ्यातला झेंडू बुटका, छोट्या फुलांचा, आपल्या तोरणातला टपोरा नाही, पण ओवता येतो, मी ओवलाय. मी ग्रुपला विचारलं, ते म्हणाले न्या की, आम्हाला काय, आणि पुढच्या वर्षी उंच जातीचा टपोरा लावायचा असेल तर मंडळाने वाफा घ्या आणि लावा. म्हणजे मार्चमध्ये खिडकीत बी पेरायचं, मेअखेर रोपं बाहेर, जुलैमध्ये जजेसना दाखवायला फुललेला वाफा, आणि दसऱ्याला तोरणं. तसाही तो मूळचा मेक्सिकोचा, तिथे पण लोक त्याच्या माळा करतात, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला म्हणतात, तेव्हा इंग्लंडमध्ये तो काही आपल्यापेक्षा जास्त परका नाही.

आणि निर्माल्य. यंदा हॉलच्या मागे दहा दिवसांचं निर्माल्य काळ्या पिशव्यांत भरून जनरल वेस्टला गेलं, मी स्वतः बघितलं. दूर्वा, फुलं, पत्री, केळीची पानं हे सगळं कंपोस्टच आहे. दोरा, प्लॅस्टिक, थर्माकोल, चमकी तेवढं वेगळं काढायचं, दोन माणसांचं अर्ध्या तासाचं काम. ग्रुपचे तीन कंपोस्टचे खण चर्चच्या मागे आहेत, त्यांना हिरवा कचरा हवाच असतो. गणपतीला वाहिलेलं पुढच्या वर्षी मातीत जाऊन फुलाला लागेल, याला कोणाची हरकत असेल असं वाटत नाही, असली तर सांगा, गुरुजींना विचारू.

तर कमिटीला माझी मागणी सरळ आहे. कार पार्ककडून स्टेशनकडे जाणारा तो लांबट तुकडा, जिथे सध्या नुसतं गवत आणि सिगरेटची थोटकं आहेत, तो आपल्याला मिळू शकतो, परवानगी वगैरे ग्रुपने काढून ठेवलीये, विमा त्यांचाच. मंडळाने तो घ्यावा. गणपतीच्या शिल्लक फंडातनं बी आणि कंदांना थोडे पैसे काढावेत, एका कार्यक्रमाच्या साउंड सिस्टिमच्या भाड्यापेक्षा कमी लागतील. दहा घरं मिळाली तर आळीपाळीने महिन्याला एकच शनिवार येतो प्रत्येकाला. आणि इन ब्लूमच्या ईमेलला उत्तर असं द्यावं, की हो, जुलैमध्ये ढोल वाजेल, आमच्या वाफ्यासमोर वाजेल. पाट्या मराठीत पण लावा म्हणून मी आधीच सांगून ठेवलंय, त्यांना चालणार आहे, शुद्धलेखन कोण तपासणार ते तेवढं ठरवा नाहीतर तिथेही भांडणं.

उत्तर मला रविवार संध्याकाळपर्यंत हवंय, कारण सोमवारी कंदांची ऑर्डर जाते आणि आपला तुकडा धरायचा असेल तर क्रोकस किती आणि डॅफोडिल किती हे मला सांगावं लागेल. पहिला शनिवार ऑक्टोबरचा, सकाळी दहा, लायब्ररीच्या मागची हिरवी शेड. जुने बूट घाला, हातमोजे आहेत. चहा ते देतात पण तो त्यांच्या पद्धतीचा असतो, तेव्हा कोणीतरी थर्मास आणा.

तुमचीच,
मंडळाची एक वर्गणीदार (वर्गणी भरलीये, पावती आहे)